रिकाम्या पाठीचा बैल

दिग्रसमध्ये कुणाचं घर शोधायचं असेल तर पत्ता विचारायचा नसतो, गेट विचारायचं असतं. "एका मोराचं का जोडमोराचं?" असा उलट प्रश्न येतो आणि तेवढ्यावर पाहुणा बिनचूक पोचतो. गावातले हे सगळे मोर दारव्हा रोडवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून उडालेले आहेत. टायरवाला आणि रसवंती यांच्या मधल्या बोळकांडीत हे दुकान आहे आणि ते जया आडे चालवते. पाटीवर मात्र 'रामधन वेल्डिंग वर्क्स' असं आहे. रामधन राठोड म्हणजे जयाचे वडील. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी कालपरवा बसवलेलं, रंगही न वाळलेलं गेट बघून जाणकार मान डोलावतात, "रामधनचं काम आहे बापा. हात लपत नाही."

जयाला वडिलांचा राग नव्हता. वारल्यावरही माणसाला इतकं काम मिळतंय याचं तिला कौतुकच होतं. फक्त हात तिचे भाजत होते.

रामधन बंजारा तांड्यातून दिग्रसला आले ते एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली. तिथं वेल्डिंग शिकले आणि स्वतःचं दुकान टाकलं. काळ्या काचेचा त्यांना भारी कंटाळा. "काच आली की लोखंड नीट दिसत नाही," म्हणायचे आणि उघड्या डोळ्यांनी टाके मारायचे. पंचेचाळिशीत डोळ्यांनीच राजीनामा दिला. जया तेव्हा सोळा वर्षांची होती. एक शाळेचं गेट अर्धवट राहिलं होतं आणि शाळा तर सुरू होणार होती. तिनं वडिलांना खुर्चीवर बसवलं, चेहऱ्यावर काचेची ढाल धरली, वेल्डिंगचा होल्डर उचलला आणि राहिलेलं अर्धं गेट पुरं केलं. शाळेच्या हेडमास्तरांना फरक कळला. ते म्हणाले, डावी बाजू जरा जास्त चांगली झाली. डावी बाजू जयाची होती.

पण पोरीच्या हातात होल्डर बघितला की गिऱ्हाईक बिचकायचं. मग बापलेकीनं तोडगा काढला. गिऱ्हाईक आलं की जया ढाल खाली घ्यायचीच नाही. "मिस्त्री कुठं गेले?" कुणी विचारलं की ढालीमागून आवाज यायचा, "जेवाले गेले." सकाळी नऊला मिस्त्री जेवायला गेलेले असत, अकराला जेवायला गेलेले असत आणि चारलाही तेच. तीन वर्षं हा प्रकार चालला. त्या तीन वर्षांत दिग्रसमध्ये रामधनची कारागीर म्हणून जेवढी कीर्ती झाली, त्याहून जास्त खादाड म्हणून झाली. लग्नाकार्यात लोक त्यांना आग्रह करकरून वाढायचे. ते बिचारे अर्ध्या भाकरीचे धनी.

जयाला पाहायला शाम आडे आला तेव्हा ती दुकानातच होती, कोपरापर्यंत काळी. शाम शिवणकाम करायचा. शाळेचे गणवेश आणि बायकांचे ब्लाउज यांत त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, पण दिवाळीतल्या फुलबाजीलासुद्धा तो दचकायचा. त्याच्या आईनं अट घातली, लग्नानंतर हे ठिणग्यांचं काम बंद. जया म्हणाली, "हाव, करतो बंद. तुमी पोराले मशीन बंद करायले सांगा. दोघंबी संगंच रिकामे बसू." शामला हसू आवरलं नाही आणि लग्न ठरलं. गेली अठ्ठावीस वर्षं शाम बायकोच्या दुकानात रोज दुपारी डबा घेऊन येतो आणि दहा फुटांवर उभा राहून हाका मारतो. त्याच्या आत तो येत नाही. तरीही भोक नसलेला एकही शर्ट त्याच्याकडं नाही.

गेटं सगळेच करतात. जयाचं निराळं काम सुरू झालं ते गाठीच्या पट्ट्यांपासून. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या गाठी लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. मोडक्या, वाकड्या पट्ट्यांचे भारे भंगारात जातात. गेटाला त्या कामाच्या नाहीत, फार पातळ. एकदा भंगारवाल्यानं असाच एक भारा दुकानापुढं टाकला. जयानं सहज चार पट्ट्या हातोड्यानं बाक देऊन एकीवर एक बसवल्या आणि बघत राहिली. जनावराची कातडी दिसत होती. मानेपाशी जशी वळते, तशी वळलेली. तिनं आणखी चार बसवल्या. शाम दहा फुटांवरून म्हणाला, "डबा थंडा होऊन राह्यला." त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत ठेकेदाराला गेट पाहिजे होतं. जयानं गेट दिलं आणि शाळेच्या भिंतीवर पट्ट्यांचा बारा फुटी वाघ बसवून दिला. पट्टे म्हणून जळका पत्रा, मिशा म्हणून सायकलच्या तारा. वाघ इतका वाघ झाला की पहिल्या आठवड्यात हजेरी निम्म्यावर आली. तिथल्या कोलाम आदिवासींची म्हातारी माणसं मात्र येऊन जवळ बसायची आणि म्हणायची, डावा कान थोडा खाली पाहिजे, हा ऐकून राह्यला. जया पुन्हा एसटीनं झरीला गेली आणि कान खाली केला. पाटी लागली ती ठेकेदाराच्या नावाची. मग ढाणकीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं कंपाउंडच्या भिंतीवर हळद शिजवणाऱ्या बायांचं मोठं चित्र करून घेतलं. तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे पदर, वॉशरच्या बांगड्या, कढईतून निघणारी वाफसुद्धा लोखंडाची. खाली व्यापाऱ्यानं लावलं, 'वडिलांच्या स्मरणार्थ.' येणारे-जाणारे म्हणू लागले, म्हातारा हळदीचा व्यापारी होता, पण कला होती हो अंगात.

जया बावन्न वर्षांची झाली. अठरा भिंती झाल्या होत्या. एकीवरही तिचं नाव नव्हतं.

म्हणून दिग्रसच्या व्यापारी सभागृहाचं काम आलं तेव्हा तिनं एकच अट घातली. समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव स्वतः दुकानात आले होते. पुंडलिकरावांची शेती मोठी, कापूस, सोयाबीन, तूर सगळंच मोठं, वर जिनिंग. माणूस दिलदार, अडल्यानडल्याला धावणारा, पण धावताना आपण धावतोय हे चार लोकांना कळावं अशी त्यांची इच्छा असे. पाणपोईवर त्यांचं नाव, बसस्टँडच्या बाकावर त्यांचं नाव, शाळेच्या घंटेवर त्यांचं नाव. स्मशानातल्या बाकावरसुद्धा, म्हणजे रडणाऱ्यालाही आपण कुणाच्या कृपेनं टेकलोय हे कळावं.

"बोल जया, काय पायजे?" त्यांनी विचारलं.

"खाली माहं नाव पायजे. नुसतं रामधन नाई, ठेकेदार नाई. माहं."

"एवढंच? अवो, नाव म्हणजे काय, एक पाटी."

एक पाटी किती मोठी गोष्ट असते हे जर दिग्रसमध्ये कुणाला ठाऊक असेल तर ते पुंडलिकरावांनाच, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. समितीचे सचिव बाबाराव, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात स्टीलची पाटी करून आणली. 'शिल्पकार : जया शाम आडे.' चारी कोपऱ्यांत चार स्क्रू. भिंत व्हायची होती तोपर्यंत ती पाटी शामच्या शिलाई मशीनवर उभी होती. तो रोज तिला फडक्यानं पुसायचा आणि माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला दाखवायचा. "मधात माहंबी नाव आहे," म्हणायचा.

भिंतीचा विषय होता तांड्याची लदेणी. जुन्या काळी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य मुलखामुलखांत नेत, ते चित्र. जया खूष होती, आपल्याच माणसांचं काम. एकवीस बैल ठरले. मग बाबारावांना एक कल्पना सुचली. निवृत्तीनंतर त्यांना कल्पना फार सुचत. प्रत्येक बैलावर गोणी आहे, तर प्रत्येक गोणीवर पत्र्याच्या अक्षरांत एकेका देणगीदाराचं नाव का नसावं? व्यापाऱ्यांना ही कल्पना अशी आवडली की एकवीस बैल दोन दिवसांत संपले. दुसऱ्या बैलावरून किराणावाले रामलालशेठ आणि एक बियाणेवाले यांच्यात बोलाचाली झाली. पहिल्या बैलाबद्दल अर्थातच वाद नव्हता. पहिला बैल पुंडलिकरावांचा.

जयालाही यात गैर काही वाटलं नाही. गोणीवर व्यापाऱ्याची खूण असायचीच, असं तिला वाटलं. ती वाढली दिग्रसमध्ये. लदेणी तिनं पाहिली होती ती एका खतकंपनीच्या कॅलेंडरवर, आणि त्या कॅलेंडरवर सगळ्या बैलांवर गोण्या होत्या. तिनं सहा महिने जीव ओतला. शिंगांना ट्रॅक्टरचे पाटे, खुरांना नांगराचे झिजलेले फाळ, डोळ्यांना बेअरिंग. बायांच्या कांचळीवर, म्हणजे आरसे जडवलेल्या चोळीवर, आरशांच्या जागी घासून चकचकीत केलेले वॉशर. पहिला बैल तर असा झाला की रस्त्यानं जाणारा खरा बैल थांबून बघायचा. आणि त्याच्या पाठीवर, सगळ्यांत मोठ्या गोणीवर, हातभर अक्षरांत, 'पुंडलिकराव.'

उद्घाटनाला तीन दिवस होते. जयाची आई जमनी तांड्यावरून एसटीनं आली. म्हातारी ऐंशीच्या घरातली, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन हिवाळ्यात झालेलं. इतकी वर्षं लेकीचं काम ती हात फिरवून बघत असे. आता प्रथमच डोळ्यांनी बघणार होती. जया तिला याडी म्हणते; गोरबोलीत आईला तेच म्हणतात. भिंतीपुढं बाबाराव होते, शाम होता, मंडपवाले होते. म्हातारी शेवटच्या बैलापासून चालत निघाली. एकेका बाईपुढं थांबली, घागऱ्याच्या चुण्या बोटांनी मोजल्यासारखं केलं, एकीला बघून म्हणाली, "ही माही सासू. अशीच तिरपी पाह्यची." सगळे हसले.

मग जमनी पहिल्या बैलापाशी आली आणि तिनं त्याच्या पाठीवरच्या गोणीकडं बोट केलं. म्हणाली, "याच्यावर ओझं कोणं टाकलं?"

"म्या," जया म्हणाली. "काहून?"

"तुह्या आज्याच्या तांड्यात पुढच्या बैलावर काहीच नव्हते टाकत. तुह्या बापानं नाही सांगतलं कधी?"

"बापू दुकानात पुढच्या गेटाचं सांगे, बैलाचं काहून सांगन?"

म्हातारी चष्मा काढून पदराला पुसायला लागली. "पुढचा बैल देवाचा. त्याले घुंगरं, गोंडे, सारं. पण पाठ रिकामी. त्याच्यावर लेकरूबी बसवत नव्हते. तो जिथं थांबे तिथं तांडा उतरे. ओझ्याचा बैल थांबला तं थकून थांबते. हा मनानं थांबे. त्याच्या मनाले पाणी समजे, चारा समजे. त्याच्यावर तू हे..." ती अक्षरं वाचू शकत नव्हती. "हे काय आहे?"

"पुंडलिकराव," शाम म्हणाला.

"असू दे," म्हातारी म्हणाली. "त्याले मागच्या बैलावर बसव."

दोघं घरी आली. शामनं हळूच सांगून पाहिलं, "कोणाले समजते, जया? तांड्यावरच्याबी पोट्ट्यांले माहीत नसंन. सारे तं म्हणून राह्यले बैल झकास झाला."

"मले समजलं नं आता."

"हाव, पण..."

"आतापावतर मले माहीत नव्हतं तं चूक होती. आता तसंच ठेवलं तं लबाडी होते. माह्या नावाची पाटी लावून मी याडीच्या बैलावर लबाडी लादू का?"

शाम मशीनवरच्या पाटीकडं बघत राहिला. त्याला तेव्हाच कुणकुण लागली असावी. त्यानं ती पुन्हा एकदा पुसली.

संध्याकाळी जया पुंडलिकरावांच्या बंगल्यावर गेली. ते झोपाळ्यावर होते. त्यांच्या मंडळी इंदुताई समोर तूर निवडत बसल्या होत्या. बंगल्यात तूर निवडायला तीन बायका होत्या, पण इंदुताईंना बैठकीतलं बोलणं ऐकायला काहीतरी हातात लागे. जयानं सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी सांगितली.

पुंडलिकराव झोपाळा थांबवून म्हणाले, "मंग माही गोणी कुठी टाकशीन?"

"दुसऱ्यावर."

"दुसरा रामलालशेठचा."

"तं शेवटच्यावर टाकतो. शेवटचा मोकळाच आहे, बियाणेवाले रुसून गेले तवापासून."

'शेवटचा' हा शब्द त्या बैठकीत बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. पुंडलिकराव म्हणाले, "जया, साऱ्या जिल्ह्याची माणसं येऊन राह्यली. त्यांच्यापुढं मी एकविसाव्या बैलावर?"

"तुमी बैलावर नाई, भाऊ. तुमची गोणी आहे."

"अन् तो पुढचा मोकळा फिरन? लोक म्हणतीन बाईनं काम अर्धं ठेवलं."

"म्हणू द्या. तेवढं तं मले चालते."

"मले नाई चालत."

इंदुताई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "घरातबी आमच्या यांले पुढचं ताट लागते."

"तू तूर निवड," पुंडलिकराव म्हणाले. मग जयाकडं वळून, आवाज गोड ठेवूनच, "हे पाय, ही भिंत समितीची आहे. तुही पाटी आपण मानानं लावून राह्यलो. पण गोणी निघाली नं, तं पाटीबी निघन. मंग त्या भिंतीवर तुहं नाव नाई लागनार. विचार कर. तुह्याच अटीची गोष्ट आहे."

जया उठली. "विचार झाला," म्हणाली. पण तो झाला नव्हता. घरी येताना ती बाजारातून गेली आणि दोन्ही बाजूंनी तिचेच मोर तिच्याकडं बघत होते, एकाच्याही गळ्यात तिच्या नावाची चिठ्ठी नाही. सोळाव्या वर्षापासून ती ढालीमागं होती. एकदा, फक्त एकदा, ढाल खाली घेऊन 'मी' म्हणायची वेळ आली होती आणि तीही एका बैलानं अडवून धरली. त्या बैलाला तिनं मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, तांड्याच्याच भाषेत, म्हणजे त्याला नीट कळाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती भिंतीपुढं जमली. पाटी लावून झाली होती. बाबाराव सरांनी ठराव वाचला. ठरावात 'यथायोग्य' हा शब्द चारदा होता, पण अर्थ एकच होता, पहिल्या बैलाला हात लावायचा नाही. वाचताना त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना आवडत नव्हता हे दिसत होतं.

"झालं सर?" जयानं विचारलं.

"झालं."

तिनं खिशातून पेचकस काढला. ती साडीवर शर्ट घालते, शामनं शिवलेला, चार खिशांचा. पाटीपुढं उकिडवी बसली आणि एकेक स्क्रू काढला. चौथा अडला. तो तिनं जोर लावून काढला, पाटी काढली, बाबारावांच्या हातात दिली. "हे घ्या. हिशोब फिटला नं? आता पाटीच नाई तं काढान काय माही?" आणि शिडीवर चढली.

गॅस कटर पेटला. शाम दहा फुटांवरून बघत होता आणि एकदम त्याला काय झालं कोण जाणे, तो पुढं आला आणि त्यानं शिडी धरली. ठिणग्या त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होत्या. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले होते, पण शिडी सोडली नाही. गोणीचे सात टाके. सातवा सुटला तशी गोणी पुंडलिकरावांसकट खाली आली. आवाज असा झाला की सभागृहासमोरचा एक रसवंतीवाला चरक थांबवून बाहेर आला आणि मंडपाखाली झोपलेलं कुत्रं थेट पुसद रोडपर्यंत गेलं.

पुंडलिकराव दहा मिनिटांत पोचले. बैल मोकळा उभा होता. पाठीवर कापल्याचा निळसर-काळा डाग होता, हातभर लांब. पुंडलिकराव गोणीकडं बघत राहिले, अक्षरं वर होती. मग त्यांनी फोन काढला आणि गावातल्या दुसऱ्या वेल्डिंगवाल्याला लावला. त्याची काच फुटली होती. तिसऱ्याची लाइन गेली होती. लाइन त्याच फिडरवर समोरच्या दुकानात होती, पण त्याच्याकडं गेली होती. चौथा सासुरवाडीला ढाणकीला होता आणि फोन मात्र दिग्रसच्या चहाच्या टपरीवरून उचलत होता. मागून कपबशा ऐकू येत होत्या. या तिघांनी होल्डर धरायला रामधनच्या दुकानात शिकलं होतं. म्हणजे कुणाकडं, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

बाबाराव हळूच जयाला म्हणाले, "तो डाग तरी रंगवून घे बाई. वाईट दिसतो."

"नाई रंगवत सर. कोणं विचारलं तं सांगा, वरतं ओझं होतं म्हणून. काढलं म्हणून सांगा."

उद्घाटन झालं. पुंडलिकरावांनी भाषणात मंडपवाल्याचे आभार मानले, लाउडस्पीकरवाल्याचे मानले, पावसानं ओढ दिली म्हणून पावसाचेही मानले. जयाचं नाव नाही. जया चौथ्या रांगेत शामच्या शेजारी बसली होती. शामच्या डोक्यावर दोन ठिकाणी केस जळाले होते आणि ते तो टोपी न घालता मिरवत होता. भाषण ऐन रंगात आलं आणि पहिल्या रांगेतून जमनी उठली. तिला भाषण संपण्याची वाट बघायची पद्धत माहीत नव्हती. ती भिंतीपाशी गेली, पदराची गाठ सोडून गुळाचा खडा काढला आणि पहिल्या बैलाच्या पत्र्याच्या ओठांवर घासला. मग त्याच्या रिकाम्या पाठीच्या डागावर हात फिरवला. तांड्यावरून आलेल्या बाया उठल्या. एकीपाशी गूळ होता, एकीपाशी पोळी, एकीनं पाहुण्यांसाठी आणलेल्या पेढ्यांच्या पुड्यात सरळ हात घातला. रांग लागली. माइकपुढं पुंडलिकराव कागद धरून उभे, आणि सगळी माणसं त्यांच्याकडं पाठ करून बैलाकडं बघणारी. त्यांनी सोयीचं होईल तिथं भाषण संपवलं. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवर मुंग्यांची दुसरी लदेणी निघाली होती, पहिलीपेक्षा लांब.

महिन्याभरात दिग्रसमध्ये मोर मागे पडला. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणू लागलं, "गेटवर बैल पायजे. पण त्या भिंतीवरच्यासारखा. पाठ रिकामी." लोहाऱ्याच्या रस्त्याला एक, शंकरनगरात तीन, पुसदहून दोन. एका तांड्यानं तर आपल्या वेशीवर जोडी मागितली. जयानं नवा नियम काढला. प्रत्येक गेटावर, गिऱ्हाइकाला आवडो न आवडो, तिचं नाव येणार. स्क्रूची पाटी बंद. नाव सळईचं वळवून थेट गजांना जोडलेलं. ते काढायचं तर गेट कापावं लागेल.

आणि मग एका दुपारी इंदुताई आल्या. रिक्षानं, एकट्याच.

"आमचं जुनं गेट सडलं," त्या म्हणाल्या. सडलेलं नव्हतं. "मले बैलाचं पायजे."

"वहिनी, माहा नियम माहीत आहे?"

"माहीत आहे म्हणूनच आली. नाव मधात टाक, कडीपाशी. अन् मोठं कर. त्यायले चष्म्याबिगर वाचता आलं पायजे."

"भाऊ काय म्हणतीन?"

"ते म्हणतीनच. तू तुहं काम कर."

जयानं केलं, आणि केलं तेही मन लावून. गेट इतकं भारी झालं की आधी बसवू न देणाऱ्या पुंडलिकरावांना बसवल्यावर ते पाहुण्यांना दाखवल्यावाचून राहवेना. पहिले पंधरा दिवस ते गोठ्याच्या दारानं ये-जा करत होते. मग गोठ्याच्या दारात इंदुताईंनी सरकीच्या पेंडीची पोती रचून ठेवली.

गेल्या आठवड्यात जया एका भिंतीचं माप घेत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"जया, पुंडलिकराव बोलून राह्यलो. ती तुही कडी जाम झाली. मी बाहेर उभा आहो."

"तेल सोडा भाऊ."

"बाहेर तेल कुठून आणू?"

"तं बोटानं वर उचला. 'जया आडे' दिसते नं? 'ज'च्या खाली बोट घाला."

पलीकडून 'जया आडे' असं पुटपुटलेलं ऐकू आलं. मग कडी वाजली.